खडकावर परत ठेवलेले जीव

कोकणातल्या घराण्यांचे कुळवृत्तान्त ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे ठाऊक असेल: कोण कोणाचा मुलगा, कोणाचा पणतू, हे त्यांत क्षणात सापडते, पण तो माणूस कोणत्या आळीत राहत होता, शेजारी कोण होते, परसदारी ओढा होता की डोंगर, हे सहसा सापडत नाही. प्राणिशास्त्राची पुस्तके बहुधा याच रीतीने लिहिली जातात. स्पंज एका प्रकरणात, खेकडे दुसऱ्यात, शंख-शिंपले तिसऱ्यात. मर्टल जॉन्सन आणि हॅरी स्नूक यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील प्राण्यांवर १९२७ साली लिहिलेले पुस्तक असेच होते, आणि ते चांगलेही होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १९३९ साली, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याच किनाऱ्यावरचे दुसरे पुस्तक काढले: एडवर्ड रिकेट्स आणि जॅक कॅल्विन यांचे ‘बिट्वीन पॅसिफिक टाइड्स’. यात प्राणी कुळाप्रमाणे नव्हे, वस्तीप्रमाणे लावलेले होते.

हे पुस्तक किनाऱ्यावर सोबत न्यायची मार्गदर्शिका म्हणून ओळखले जाते. विद्यार्थी ते पिशवीत घालतात, प्राण्याचे नाव सापडले की मिटतात. त्याचा रस घ्यायचा तर मात्र ते वेगळ्या रीतीने वाचावे लागते. एखाद्या कादंबरीतले एखादे दुय्यम पात्र धरून आपण तिची वीण उलगडतो, तसे. मी त्यासाठी कायटन हा प्राणी निवडला आहे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या एका मुक्या, मंद, आठ पट्ट्यांच्या जिवाच्या आधाराने समजते.

कायटन हा शंख-शिंपल्यांच्या गोतातला मृदुकाय प्राणी. पाठीवर एकावर एक किंचित चढवलेल्या आठ कवचपट्ट्या, त्यांच्या भोवती चिवट स्नायूंचा काठ, खाली रुंद पाय. डोके आहे, पण डोके म्हणावे असे काही वरून दिसत नाही. ओहोटीच्या वेळी खडकाला घट्ट चिकटून राहायचे आणि पाणी वर चढले की, बहुतेक वेळा अंधारात, हळूहळू सरकत खडकावरचे शेवाळ खरवडायचे, हा बहुतेकांचा दिनक्रम. जोर लावून उपटले तर अंगाची वळकटी करतो. या गोताचे जीवाश्म जवळजवळ पन्नास कोटी वर्षांमागचे मिळतात आणि शरीराचा आराखडा तेव्हापासून फारसा हललेला नाही. आज जगभर नऊशे ते हजार जाती आहेत आणि अनोळखी नजरेला त्यांतल्या बहुतेक सारख्याच दिसतात.

लेखकाच्या दृष्टीने हे पात्र अगदी गैरसोयीचे आहे. त्याच्यापाशी वेग नाही, आवाज नाही, समुद्रफुलासारखे उमलणे नाही. कुळवार लावलेल्या पुस्तकात सगळे कायटन एकापाठोपाठ एक येतात आणि तिसऱ्या-चौथ्याला वाचक पान उलटतो, कारण तिथे फरक उरतो तो पट्ट्यांवरच्या रेघांचा आणि काठावरच्या केसांचा. रिकेट्सने हे गोत फोडले. त्याच्या पुस्तकात एक कायटन इथे भेटतो, दुसरा पुष्कळ पानांनंतर, तिसरा वेगळ्याच भागात. आणि प्रत्येक वेळी तो ज्या लाटेखाली राहतो त्या लाटेसकट भेटतो. म्हणूनच प्रत्येक जण वेगळा लक्षात राहतो.

ही मांडणी ज्याला सुचली त्याचा धंदा लक्षात घेतल्याशिवाय तिची खरी किंमत कळत नाही. रिकेट्सचा जन्म १८९७ सालचा, शिकागोचा. शिकागो विद्यापीठात तो वॉर्डर क्लाइड अ‍ॅली यांच्याकडे शिकला. प्राणी एकत्र का राहतात, गर्दीचा त्यांना काय उपयोग होतो, हा अ‍ॅलींचा अभ्यासविषय होता. पदवी मात्र रिकेट्सने घेतली नाही. १९२३ साली तो कॅलिफोर्नियात आला आणि मॉन्टेरे उपसागराच्या काठी ‘पॅसिफिक बायॉलॉजिकल लॅबोरेटरीज’ या नावाने व्यवसाय करू लागला. नाव भारदस्त असले तरी काम साधे होते: ओहोटीला खडकांवर जायचे, प्राणी गोळा करायचे, ते टिकवण्याच्या द्रावणात घालायचे आणि शाळा-कॉलेजांना विकायचे. म्हणजे खडकावरून जीव सोडवून बरणीत भरणे हीच त्याची रोजीरोटी होती. बरणीतल्या जिवाला जागा नसते, शेजार नसतो, वेळ नसते. चिठ्ठीवर असते ते फक्त नाव. अशा माणसाने आयुष्यातले सगळ्यात मोठे लेखन केले ते प्रत्येक जीव त्याच्या खडकावर, त्याच्या उंचीवर, त्याच्या शेजाऱ्यांमध्ये परत ठेवण्यासाठी. पुस्तक वाचताना ही गोष्ट सतत जाणवते. ज्याने हजारो प्राणी उचलले त्यालाच नेमके माहीत होते की उचलताना काय तुटते.

पुस्तकाची वाट सोपी नव्हती. १९३०च्या सुमारास लेखन आकाराला आले आणि छापून यायला जवळजवळ दशक गेले. शेजारच्या हॉपकिन्स मरीन स्टेशनचे संचालक वॉल्टर फिशर यांना या अपरिचित मांडणीबद्दल शंका होत्या, आणि लेखक विद्यापीठातला नव्हता. मधल्या काळात, १९३६च्या नोव्हेंबरात, शेजारच्या कॅनरीतून, म्हणजे मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातून, पसरलेल्या आगीत रिकेट्सची प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह आणि टिपणे जळाली. या पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे होते, म्हणून वाचले. रिची लव्हजॉय यांची रेखाचित्रे आणि कॅल्विन यांची साथ घेऊन ते शेवटी बाहेर पडले.

आता मांडणीकडे वळू. रिकेट्सने किनाऱ्यावरच्या जिवाचे ठिकाण तीन गोष्टींवरून ठरवले: लाटांचा मारा किती, तळ कशाचा, आणि ओहोटीत तो जीव किती वेळ उघडा पडतो. यांतल्या पहिल्या कसोटीवर पुस्तकाचे चार भाग पडतात. आडोशाचा बाहेरचा किनारा, उघडा किनारा, उपसागर व खाड्या, आणि धक्क्यांचे खांब. प्रत्येक भागात मग वरून खाली चार पट्टे: सगळ्यात वरचा, जिथे पाण्याचे तुषारच काय ते पोचतात, तिथपासून सगळ्यात खालचा, जो फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीत काही वेळ दिसतो.

ही अनुक्रमणिका नुसती वाचली तरी तिच्यात चाल आहे. वाचक वरून खाली उतरत जातो, जसा ओहोटीच्या वेळी माणूस पाण्यामागे उतरतो. पाणी मागे हटेल तसे नवे प्राणी उघडे पडतात आणि पान उलटेल तसे ते पुस्तकात येतात. खालच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत वाचकाला घाई वाटू लागते, कारण तिथली वेळ थोडी आहे हे त्याला एव्हाना कळलेले असते. विषयाची रचना आणि वाचनाची गती एक होणे हे आपण चांगल्या कवितेचे लक्षण मानतो. इथे ते शास्त्रीय पुस्तकात घडले आहे, आणि तेही एकही अलंकारिक वाक्य न लिहिता.

पहिल्या भागात, आडोशाच्या खडकांवर, भेटणाऱ्या कायटनांत सगळ्यात मोठा म्हणजे क्रिप्टोकायटन स्टेलेराय. जगातला सगळ्यात मोठा कायटन हाच. फूटभर लांब होतो, कधी त्याहूनही थोडा जास्त. त्याच्या आठही पट्ट्या विटकरी रंगाच्या जाड कातडीखाली पूर्ण झाकलेल्या असतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला हा प्राणी आहे असेच वाटत नाही. साधारण लेखक इथे आकाराचे कौतुक करून पुढे गेला असता. रिकेट्स आणि कॅल्विन सांगतात की त्यांनी तो खाऊन पाहायचे ठरवले. एवढ्या मोठ्या देहातून हाती आला तो कागदाइतका पातळ, वातड असा एकच तुकडा, आणि त्याला वास असा की तव्यापर्यंत पोचण्याआधीच तो फेकावा लागला. हे खाद्य दुष्काळासाठी राखून ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष. विनोद आहेच, पण तो केवळ चवीपुरता नाही. या परिच्छेदातून वाचकाला प्राण्याची शरीररचना कळते: एवढ्या मोठ्या जिवात मांस जवळजवळ नाही, आहे तो चिवट काठ आणि चिकटण्यासाठीचा पाय. शास्त्रीय वर्णनाने जे सांगायला चार ओळी घेतल्या असत्या ते एका फसलेल्या जेवणाने सांगितले.

आणि लगेच पुढे त्याच प्राण्याच्या पायाच्या कडेच्या खाचेत राहणारा खवलेदार कृमी येतो. हा कृमी कायटनाला खात नाही, त्याच्या आडोशाला राहतो. कुळवार पुस्तकात हा पाहुणा शे-दोनशे पाने अलीकडे, कृमींच्या प्रकरणात एकटा पडला असता आणि वाचकाला दोघांची गाठ स्वतः घालावी लागली असती. इथे यजमान आणि पाहुणा एकाच पानावर आहेत, जसे ते खडकावर आहेत.

याच भागातला दुसरा कायटन म्हणजे टोनिसेला लिनिएटा. बोटाच्या दोन पेरांएवढा, पण रंगाने विलक्षण: गुलाबी-तांबड्या पट्ट्यांवर गडद आणि फिकट नागमोडी रेघा. बरणीत घातला की हा रंग दागिन्यासारखा उठून दिसतो. खडकावर तो दिसत नाही. कारण तो राहतो ते खडकाला लेपासारखे चिकटलेल्या गुलाबी चुनखडी शेवाळावर, तेच खरवडून खातो, आणि पुढच्या काळातल्या प्रयोगांनी दाखवले की त्याच्या डिंभांना खाली बसायला हेच शेवाळ लागते. जन्म, अन्न आणि लपण्याची जागा, तिन्ही एकाच गुलाबी लेपावर. अशा जिवाचे सौंदर्य त्याच्या जागेपासून वेगळे काढून सांगताच येत नाही. सुटा टोनिसेला सुंदर दिसतो आणि जागेवरचा अदृश्य होतो. यांतले खरे कोणते, याचे उत्तर या पुस्तकाच्या मांडणीनेच दिलेले आहे.

दुसरा भाग उघड्या किनाऱ्याचा आणि पुस्तकाचा प्राण तिथेच आहे. इथे खुल्या महासागराची लाट मध्ये कसलाही अडसर न येता खडकावर आदळते. या भागातले गद्यही बदलते. आडोशाच्या किनाऱ्यावर लेखक डबक्याशी रेंगाळतात, दगड उलटून पाहतात. इथे वाक्यांत सावधपणा येतो, निरीक्षक लाटांकडे एक डोळा ठेवून खडकाकडे पाहतो आहे हे कळते. आणि प्रश्नही बदलतो. इथला प्राणी काय खातो हे नंतर. आधी तो इथे टिकतो कसा?

उत्तर म्हणून एकामागून एक युक्त्या येतात. शिनाण्यांच्या जातीचे शिंपले चिवट धाग्यांनी स्वतःला बांधून घेतात. बार्नेकल स्वतःला कायमचे चिकटवून टाकतात. तारामासा शेकडो नळीपायांनी धरून ठेवतो. या तिघांना, म्हणजे कॅलिफोर्नियाचा मोठा शिंपला, हंसमानेचा बार्नेकल आणि पिसास्टर हा तारामासा यांना, रिकेट्स एका समूहाचे नाव देतो. लाटेने झोडपलेल्या खडकाची ओळख तो कोणा एका प्राण्यावरून करत नाही, तिघांच्या संगतीवरून करतो. अ‍ॅलींकडे घेतलेले शिक्षण इथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

या समूहाच्या आसपास उघड्या किनाऱ्याचे दोन कायटन येतात आणि ते एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला नटॅलिना कॅलिफोर्निका. लहान, खडबडीत, मळकट तपकिरी. त्याच्या पट्ट्या बहुतेक वेळा झिजलेल्या असतात. हा वरच्या भागात राहतो आणि जिथे वालुकाश्म मऊ असतो तिथे आपल्याच मापाच्या खळग्यात बसलेला असतो. असा खळगा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहू शकतो. लाट वरून जाते, त्याला पकडायला कड मिळत नाही. हा कायटन मारा चुकवतो.

दुसरा कॅथरिना ट्युनिकाटा. हा मारा चुकवत नाही. काळ्या, चामड्यासारख्या चकचकीत काठाने त्याच्या पट्ट्या जवळजवळ झाकलेल्या असतात. मध्ये फक्त आठ छोटे हिरे-आकाराचे तुकडे उघडे दिसतात. इतर बहुतेक कायटन उजेडाला टाळतात, दिवसा दगडाखाली किंवा कपारीत जातात. कॅथरिना भर उन्हात, लाटेच्या तोंडावर, उघड्या खडकावर बसून राहतो. उत्तरेकडे त्याची संख्या वाढत जाते आणि अलास्काच्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी तो पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. रिकेट्सने १९३२च्या उन्हाळ्यात कॅल्विन पतिपत्नी आणि पुढे पुराणकथांचा अभ्यासक म्हणून प्रसिद्ध झालेला जोसेफ कॅम्बेल यांच्यासह ‘ग्रॅम्पस’ नावाच्या छोट्या बोटीतून अलास्कापर्यंतचा किनारा पाहिला होता. लाटांचा मारा हीच पहिली कसोटी, हा त्याचा विचार एका उपसागराच्या काठी बसून आलेला नाही; तो एवढ्या लांब किनाऱ्यावर पडताळलेला आहे.

नटॅलिना आणि कॅथरिना यांची गंमत अशी की दोघांचे शरीर एकाच आराखड्याचे आहे. आठ पट्ट्या, काठ, पाय. तरीही एक खळग्यात शिरतो आणि दुसरा उघड्यावर बसतो. आडोशातला टोनिसेला रंगात विरघळतो, क्रिप्टोकायटन पट्ट्याच कातडीखाली घालतो. एकाच वाक्याची चार ठिकाणी चार वेगळी उच्चारणे व्हावीत तसे हे चार कायटन आहेत. कुळवृत्तान्त आपल्याला सांगतो की हे सगळे भाऊबंद आहेत; ते खरेच आहे. पण भाऊबंद असून ते असे वेगळे का जगतात हे सांगायला त्यांची घरे दाखवावी लागतात. माझ्या मते या पुस्तकाचे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि ते कुठेही घोषणा म्हणून येत नाही. ते अनुक्रमणिकेतून येते.

शैलीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, पुस्तकातले ‘आम्ही’. हे शास्त्रीय निबंधातले कोरडे अनेकवचन नाही; दोन माणसे खरोखर ओल्या बुटांनी खडकावर उभी आहेत. ती चुकतात, वास घेतात, चकित होतात, आणि त्यांना जे दिसले ते व जे फक्त ऐकले ते वेगळे ठेवतात. दुसरी, परिच्छेदांना दिलेले क्रमांक. प्रत्येक प्राण्याचा परिच्छेद क्रमांकाने ओळखला जातो आणि तो प्राणी दुसऱ्या वस्तीत डोकावला की तिथे फक्त क्रमांक येतो. वरवर ही सोय आहे. पण वाचत गेल्यावर लक्षात येते की हे क्रमांक म्हणजे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारे रस्ते आहेत. मोपेलिया हा केसाळ काठाचा कायटन आडोशाच्या खडकांपासून शांत उपसागरांपर्यंत आढळतो. असा जीव एका प्रकरणात मावत नाही आणि पुस्तक तो मावतो असे भासवतही नाही.

यातच पुस्तकाची अडचणही आहे. हातात प्राणी आहे, पण तो कुठून आला हे माहीत नाही, अशा वाचकाला हे पुस्तक सुरुवातीला काहीच मदत करत नाही. शिवाय निसर्गात किनारे चार नसतात. आडोसा आणि उघडेपणा यांच्या मध्ये असंख्य पायऱ्या असतात, एकाच खडकाची समुद्राकडची बाजू उघडी आणि जमिनीकडची आडोशाची असते. रिकेट्सला हे कळत होते, म्हणूनच पुस्तकाच्या शेवटी त्याने टिपांसह एक पद्धतशीर सूची जोडली, ज्यात सगळे प्राणी पुन्हा कुळाप्रमाणे लावलेले आहेत. विखुरलेले कायटन तिथे अखेर एकत्र भेटतात. मला ही सूची पराभवाची कबुली वाटत नाही. कुळ नाकारायचे नव्हतेच, त्याची जागा ठरवायची होती: आधी वस्ती, मग कुळ.

शास्त्रीय पुस्तकाची खरी परीक्षा काळ घेतो. रिकेट्सला जी माहिती नव्हती ती त्याच्या मांडणीत बसते का? इथे मला एक दुर्मीळ कायटन आठवतो: प्लॅसिफोरेला व्हेलाटा. अलास्कापासून बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यावर तो आहे, पण बहुतांशी पाण्याखाली. ओहोटीच्या अगदी खालच्या पट्ट्यात तो क्वचित हाती लागतो. विल्यम डॉल यांनी १८७९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अंगाने जवळजवळ गोल, आणि पुढच्या बाजूला काठ विचित्र रुंदावलेला. हा रुंद काठ कशासाठी, हे बरणीतल्या नमुन्यावरून कळण्यासारखे नव्हते. १९६२ साली जेम्स मॅक्लीन यांनी जिवंत प्राण्याचे निरीक्षण करून ते सांगितले. प्लॅसिफोरेला पुढचा काठ उचलून धरतो आणि स्थिर राहतो. छोटा झिंग्यासारखा जीव आडोसा समजून त्याखाली शिरला, आतल्या स्पर्शिकांना लागला, की काठ झटक्यात खाली येतो. शेवाळ खरवडणाऱ्या मंद गोतातला हा शिकारी.

याहून चांगला पुरावा रिकेट्सच्या पद्धतीला मिळाला नसता. ऐंशीहून अधिक वर्षे हा प्राणी शास्त्राला नावाने माहीत होता, पट्ट्यांच्या रेघांनी माहीत होता, कुळाने माहीत होता. पण तो काय करतो हे कळायला त्याला जिवंत, खडकाला चिकटलेला आणि शेजाऱ्यांसह पाहावे लागले. दुर्मीळ प्राण्याबाबत तर हे आणखीच खरे. नमुने इतके थोडे मिळतात की प्रत्येक जण बरणीत जातो, आणि बरणीत गेलेल्याला सवयी नसतात.

त्याच १९६२ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले हाइन्झ लोवेनस्टाम यांनी कायटनाच्या दातांच्या टोकांवर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, असल्याचे दाखवले. असे खनिज सजीव स्वतः बनवू शकतो हे तोवर कोणाला माहीत नव्हते. एवढे कठीण दात असलेला जीव शेवाळ खरवडताना खडकही झिजवतो. मऊ दगडावर आयुष्य काढणाऱ्या कायटनांविषयीचे परिच्छेद ही गोष्ट कळल्यानंतर पुन्हा वाचले तर खडक आणि प्राणी यांच्यातला व्यवहार दोन्ही बाजूंनी चाललेला दिसतो. खडक प्राण्याला जागा देतो आणि प्राणी खडकाला आकार देतो.

उघड्या किनाऱ्यावरच्या त्या त्रयीचेही असेच झाले. १९६३पासून रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या मुक्कॉ बे इथल्या खडकावरून पिसास्टर तारामासे सतत काढून टाकले. तारामासा नसताना शिंपले पसरत गेले, जागा व्यापत गेले आणि खडकावरच्या जातींची संख्या पंधरावरून आठवर आली. कायटनही त्या खडकावरून हटले. शिंपल्यांना खाणारा तारामासाच कायटनांसाठी जागा मोकळी ठेवत होता. पेन यांचा हा प्रयोग परिस्थितिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जे प्राणी रिकेट्सने १९३९ साली एका नावात बांधले होते, त्यांच्यात नेमके कोणते बळ काम करते हे त्या प्रयोगाने दाखवले. रिकेट्सने प्रयोग केला नव्हता. कोणाला कोणाशेजारी पाहायचे एवढे त्याने अचूक सांगितले होते, आणि वाचनात काय किंवा शास्त्रात काय, ती निम्मी वाट असते.

रिकेट्सचा शेवट लवकर झाला. मे १९४८ मध्ये मॉन्टेरेत रेल्वे फाटकावर त्याच्या मोटारीला गाडीची धडक बसली आणि तीन दिवसांनी, ११ मे रोजी, तो गेला. त्याच वर्षीच्या सुधारित आवृत्तीला त्याचा मित्र जॉन स्टाइनबेकने प्रस्तावना लिहिली. स्टाइनबेकच्या ‘कॅनरी रो’मधला डॉक रिकेट्सवरून बेतलेला असल्यामुळे आज बहुतेक वाचक त्याला पात्र म्हणूनच ओळखतात. पुढे जोएल हेजपेथ यांनी १९५२ आणि १९६८च्या, तर डेव्हिड फिलिप्स यांनी १९८५च्या आवृत्तीत नवी माहिती भरली. नावे बदलली, संशोधने जोडली गेली, पण चार भाग आणि चार पट्टे तसेच राहिले. कादंबरीतला डॉक लोभस आहे, यात शंका नाही. पण रिकेट्सची खरी निर्मिती हे पुस्तक आहे आणि माझ्या लेखी ते ‘कॅनरी रो’पेक्षा अधिक काळ टिकेल.

मराठी वाचकाला हे पुस्तक परक्या समुद्राचे असूनही परके वाटू नये. आपल्या किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ते गोव्यापर्यंत खडकाळ टोके आहेत, त्यांवर कायटनही आहेत, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत याच टोकांवर लाटांचा मारा बसतो. कालवे काढणाऱ्या बायकांना कोणत्या खडकाच्या कोणत्या अंगाला काय मिळते, उधाणाच्या ओहोटीला कुठवर उतरता येते, हे पक्के ठाऊक असते. ते ज्ञान रिकेट्सच्या मांडणीच्या जवळचे आहे. प्राणिशास्त्राच्या आपल्या शालेय पुस्तकांपेक्षा तर नक्कीच जवळचे. कोकण किनाऱ्याचे असे, वस्तीवार लावलेले, चांगल्या गद्यातले पुस्तक मराठीत कोणीतरी लिहायला हवे. ते लिहायला विद्यापीठाची पदवी लागेलच असे नाही, हे रिकेट्सने दाखवून दिले आहे. त्यासाठी बऱ्याच ओहोट्या लागतील, आणि एक शिस्त: खालचे जीव पाहण्यासाठी उलटलेला प्रत्येक दगड पुन्हा होता तसा पालथा घालायचा.